पोट आत घेतलेली पानं

मापाला उभी राहिलेली बाई खरं माप कधीच देत नाही. एकतीस वर्षं शिलाई मशीन चालवल्यावर मी हे छातीठोकपणे सांगू शकते. टेप कमरेला लागली रे लागली की पोट आत जातं, खांदे मागे जातात आणि चेहऱ्यावर लग्नाच्या फोटोतला भाव येतो. ती लबाडी करत नसते. तिचं तिलाही कळत नसतं. पण त्या मापाने शिवलेला ब्लाउज ती जेवायला बसली की हुकांना ताण देतो, आणि नाव टेलरचं खराब होतं. म्हणून मी एक करते. टेप गुंडाळून ठेवते, सुनेचं नाहीतर माहेरचं काहीतरी विचारते, आणि बाई बोलण्यात रंगली की हळूच माप घेते. माझं निम्मं कसब कात्रीत आहे आणि निम्मं या गप्पांत.

हे आधीच सांगायचं कारण असं, की २०४३ सालच्या मार्चमध्ये आमच्या मोरदरी गावातली चार हजार अंजिराची झाडं आणि माझी मुलगी ईश्वरी, दोन्ही याच एका गोष्टीपायी अडचणीत आली होती. आणि ते ओळखायला माझ्यासारख्या टेलरला वीस दिवस लागले. त्याची मला अजून लाज वाटते.

मोरदरी पुरंदरच्या डोंगरात आहे. इथे अंजिराचे दोन बहार धरतात. पावसाळ्यातला तो खट्टा आणि उन्हाळ्यातला मीठा. खरी गोडी मीठ्या बहाराची, पण तो सगळा तलावाच्या पाण्यावर पिकतो, आणि तलाव एकच. पूर्वी पाणी एकरावर मिळायचं. ज्याची जमीन जास्त त्याला पाणी जास्त, मग त्या जमिनीत झाडं असोत की नुसते दगड. पाणी सोडणाऱ्या माणसाला पाटकरी म्हणत. दर उन्हाळ्यात गावाची निम्मी भांडणं त्याच्याशी व्हायची आणि उरलेली त्याच्यावरून आपापसांत.

मग पाणी वाटणारं यंत्र आलं. ते संशोधन केंद्रातून आलं आणि त्याच्यासोबत ईश्वरी आली. यंत्राचं कागदावरचं नाव भलतंच लांब होतं. गावाने दुसऱ्याच दिवशी त्याला पाटकरी करून टाकलं.

आता ईश्वरीबद्दल सांगायला हवं. तिचे वडील ती सातवीत असताना गेले. दुकानावर मी तिला वाढवलं आणि दुकान तिलाच द्यायचं हे मी मनाशी पक्कं केलं होतं. तिने कृषी महाविद्यालयाचा फॉर्म भरला तेव्हा मी म्हणाले होते, पानं मोजून कोणाचं पोट भरतं का? त्यावर ती म्हणाली, बायकांची पोटं मोजून भरतं ना, मग पानं मोजून का नाही भरणार? उत्तर चोख होतं, म्हणूनच मला झोंबलं. त्यानंतर आठ वर्षं आमचं बोलणं जेवलीस का, बरी आहेस का, एवढ्यावरच राहिलं. शिवून घ्यायलाही ती माझ्याकडे कधी आली नाही, तयार कपडे घालायची. गावात नेमणूक झाल्यावर ती पाणी सोसायटीच्या वरच्या खोलीत उतरली. नियम आहे म्हणाली. मी रोज डबा पाठवायचे आणि संध्याकाळी तो घासूनपुसून परत यायचा. घरच्या माणसाने डबा घासून पाठवला की फार वाईट वाटतं.

यंत्राची माहिती द्यायला तिने सोसायटीच्या अंगणात सगळ्यांना बोलावलं. मी मागच्या रांगेत बसले होते. झाड पाणी ओढतं मुळांनी, ती सांगत होती, पण किती ओढायचं ते ठरवतात पानं. पानाच्या पाठीला डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं असतात. त्यांतून दिवसभर वाफ बाहेर जाते, आणि जेवढी वाफ वर जाईल तेवढं पाणी खालून ओढलं जातं. म्हणजे झाडाची तहान ओळखायची तर त्याच्या सगळ्या पानांचं मिळून क्षेत्रफळ किती ते कळायला हवं. ड्रोनचे फोटो इथे कामाला येत नाहीत, कारण अंजिराची पानं एकमेकांवर पसरलेली असतात. वरचं एक दिसतं, खालची तीन झाकलेली राहतात, आणि तहान त्यांनाही असते. आधीचे शास्त्रज्ञ नमुन्याला घेतलेलं झाड चक्क ओरबाडून काढायचे आणि एकेक पान मोजायचे. माप बिनचूक यायचं, फक्त झाड उरायचं नाही.

ईश्वरीच्या केंद्राने झाडाला धक्का न लावता मोजायची रीत शोधली होती. बुंधा म्हणजे पाणी वर नेणारी नळी. नळी जितकी जाड तितकी पानं ती पोसते. म्हणून बुंध्याच्या घेरावरून झाडाला साधारण किती पानं असतील ते काढता येतं. राहिलं एका पानाचं माप. अंजिराचं पान पंजासारखं, बोटांच्या मध्ये खाचा. त्याचं क्षेत्रफळ कसं काढणार?

तिने एक जुनं वर्तमानपत्र जमिनीवर पसरलं, त्यावर पान ठेवलं आणि पानाला चारही बाजूंनी टेकेल असा चौकोन खडूने आखला. म्हणाली, लांबी गुणिले रुंदी हा झाला चौकोन. एवढ्या कापडात पान बसतं. त्यातलं दहात सहा भाग पान आणि चार भाग चिंध्या. हजारो पानं मोजून पाहिली, हे प्रमाण फारसं हलत नाही. तेव्हा फक्त लांबी-रुंदी द्या, बाकीचं यंत्र करेल.

वर्तमानपत्रावर खडूने बेतायचं मी तिला कधी शिकवलं नव्हतं. लहानपणी ती माझ्या टेबलाखाली बसून चिंध्यांशी खेळायची, तेव्हा वर बघत असणार. मला एकदम भरून आलं. शेजारी हिराकाकी बसल्या होत्या, त्यांना वाटलं माझ्या डोळ्यांत धूळ गेली.

प्रत्येक झाडाच्या बुंध्याचा घेर ईश्वरीने आणि केंद्राच्या माणसांनी फिरून घेतला. पानं मात्र लोकांनी आणून द्यायची होती, एका झाडाची दहा, चारी बाजूंनी तोडलेली. चार हजार झाडं आणि हातात एक आठवडा, दुसरा इलाज नव्हता.

तो आठवडा म्हणजे गावाचा सणच झाला. दुकानामागे माझं एकुलतं एक अंजिराचं झाड आहे. मी सकाळी लवकर उठून त्याच्याभोवती फिरले. हे पान किडीने खाल्लेलं, नको. हे वाऱ्याने फाटलेलं, नको. हे लहान आहे, अजून कोवळं आहे, कशाला तोडा. अशी निवडत निवडत चारी बाजूंची दहा पानं घेतली. अंजिराचा चीक हाताला लागला की दोन दिवस खाज सुटते, तरी एकेक पान ओल्या फडक्याने पुसलं, स्टीलच्या ताटात मांडलं आणि वर क्रोशाचा रुमाल टाकून सोसायटीत नेलं. तिथे रांग लागली होती. हिराकाकींनी नव्या पाटीत पानं आणली होती आणि प्रत्येकाला हळदीकुंकवाची बोटं लावली होती. चेअरमन पोपटराव झेंडे यांनी रात्रभर जाड वहीत दाबून सपाट केली होती. ईश्वरी हसत हसत कुंकू पुसत होती आणि पानं यंत्राच्या काचेवर ठेवत होती. इतकं मोकळं हसताना मी तिला कितीतरी वर्षांनी पाहिलं.

एक मार्चला सोसायटीच्या भिंतीवर पडदा उजळला आणि त्यावर सगळ्यांची नावं आली. माझं नाव शेवटून तिसरं होतं. सुवर्णा खळदकर, अंजीर एक, पानं अडतीस चौरस मीटर, पाणी दिवसाला सत्तेचाळीस लिटर. माझ्या नावावर गुंठाभरही जमीन नाही. गावच्या तलावातला थेंबही आजवर माझा नव्हता. आता पाणी पानावर मिळणार होतं आणि पानं माझ्याकडे होती. मी दिवसातून तीनदा त्या भिंतीपाशी जाऊन स्वतःचं नाव वाचून यायचे. दुपारी बारीक नळीतून झाडाच्या बुडाशी ठिबक सुरू व्हायचं, तेव्हा मशीन थांबवून नुसती बघत बसायचे.

गावाची भाषाच बदलली. स्थळ बघायला आलेले लोक, जमीन किती, हे विचारायच्या ऐवजी, पान किती, असं विचारू लागले. झेंड्यांचे दोघे भाऊ पाण्याच्या पाळीवरून बारा वर्षं बोलत नव्हते. आता पाळीच राहिली नाही. भांडायला कोणी नाही म्हटल्यावर ते दोघे मिळून पडद्यासमोर उभे राहून यंत्राला नावं ठेवू लागले, आणि त्यातून त्यांचं बोलणं सुरू झालं.

सगळ्या झाडांची बेरीज मात्र केंद्राने धरली होती त्याच्या जवळजवळ दीडपट भरली. केंद्राच्या साहेबांनी ईश्वरीला फोनवर विचारलं, आकडा जरा मोठा वाटत नाही का? ती म्हणाली, सर, आमच्या गावची झाडंच जोमदार आहेत. या आकड्याने तलाव एप्रिलअखेर आटणार होता आणि अंजिराची तोडणी वीस मेपर्यंत चालते. उरलेल्या वीस दिवसांसाठी तिने साहेबांशी वाद घालून टँकर मंजूर करून घेतले. हे गावाला कळलं तेव्हा पोपटरावांनी तिला भर चौकात नारळ दिला.

मार्चच्या मध्यावर पहिली फळं हाताला आली आणि गावाचं तोंड उतरलं. अंजीर फुगून टम्म झाले होते आणि झाडावरच उकलत होते. चावलं तर पाणचट. पाणी जास्त झालं की अंजीर असाच फुटतो, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मग यंत्राचं गणित चुकतंय, असं लोक बोलू लागले. माझ्याकडे शिवायला येणाऱ्या बायका मला ऐकू जाणार नाही अशा बेताने ते बोलायच्या आणि मला सगळं ऐकू यायचं. ईश्वरी दिवसभर बागांमध्ये दिसायची. डबा आता अर्धा परत येऊ लागला.

एकोणीस तारखेला दुपारी ती दुकानात आली. हातात वही होती. माझ्याकडे न बघता स्टुलावर बसली आणि म्हणाली की उद्या सकाळी सोसायटीत सभा बोलावली आहे. योजना बंद करायचा अहवाल लिहून तयार आहे, सभेत सांगून पाठवून देणार. यंत्र परत जाईल आणि तिची बदली होईल, बहुतेक दुसऱ्या जिल्ह्यात.

का, असं मी विचारलं.

"लोकांनी मापं फुगवून दिली, आई. जास्त पाणी मिळावं म्हणून." ती वही उघडत म्हणाली. "काल मी स्वतः जाऊन झाड मोजलं. एका फांदीचं पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक पान. दिलेल्या दहा पानांची लांबी चोवीस, रुंदी बावीस. झाडावरच्या पानांची सरासरी वीस आणि अठरा. दोन्हीकडे चार-चार सेंटिमीटर वाढवले की गुणाकारात क्षेत्रफळ दीडपट होतं. अडतीस चौरस मीटरचं झाड खरं तर सव्वीसचं निघालं."

अडतीस हा आकडा मी दिवसातून तीनदा वाचत होते. मी हातातली कात्री खाली ठेवून तिच्याकडे बघितलं.

"हो," ती म्हणाली. "सगळ्यात आधी मी तुझंच झाड मोजलं. मला वाटलं होतं, निदान तिथे तरी हिशेब जुळेल."

एवढं बोलून ती रडली नाही, नुसती वहीची पानं चाळत राहिली. आठ वर्षं लेकीने मला आडमुठी समजलं ते मी सोसलं होतं. तिने मला चोर समजावं, आणि तेही तिच्याच पाण्याची, हे मला सहन होईना. मी बोलायला तोंड उघडलं आणि त्या सकाळी काय काय केलं ते तिला जसंच्या तसं सांगत गेले. किडीचं पान नको म्हणाले, फाटलेलं नको म्हणाले, लहान नको. ओलं फडकं, स्टीलचं ताट, क्रोशाचा रुमाल. सांगता सांगता मला स्वतःलाच दिसायला लागलं. हे तर मापाला उभं राहणं झालं. मी माझ्या झाडाला पोट आत घ्यायला लावलं होतं.

तिने विचारलं, "पण का, आई? पाणी तर कमी पडत नव्हतं."

"पाण्याचं माझ्या डोक्यातही नव्हतं गं," मी म्हणाले. "तुझं यंत्र होतं. तुझ्यापुढे किडकं पान कसं ठेवू?"

मी तिला हाताला धरून उठवलं आणि दुकानाला कुलूप न लावता हिराकाकींकडे घेऊन गेले. काकी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, अंगणात पाट्यांना अंजिराच्या पानांचं अस्तर लावत बसल्या होत्या. मी त्यांना एवढंच विचारलं, की यंत्राला द्यायची पानं कशी तोडली?

"कशी म्हंजी?" काकी म्हणाल्या. "आपल्या गावची पोर एवढं शिकून आली. तिच्या म्होरं वंगाळ पान ठेवायचं व्हय? पाव्हण्याला कुनी फुटक्या कपात च्या दितंय का? म्या तर दोन झाडं हिंडून हिंडून दहा पानं काढली."

तिथून आम्ही आणखी पाच घरं फिरलो. उत्तर सगळीकडे तेच. एका घरी तर सासू-सुनेत पैज लागली होती, कोणाची पानं जास्त देखणी याची. कोणालाच पाण्याचा लोभ नव्हता. सगळ्या गावाने माझ्या लेकीचा मान ठेवला होता आणि त्या मानानेच तिचं यंत्र बुडत होतं. परत येताना ईश्वरी म्हणाली, केंद्राच्या बागेत पानं मजूर तोडतात, यंत्राने सांगितलेल्या क्रमांकाने. त्यांना त्या पानाशी काही घेणंदेणं नसतं. माणसं पानं निवडतील, हे तिच्या गणितात कुठेच नव्हतं.

"आणि साहेबांनी आकडा मोठा वाटतो म्हटल्यावर तू काय म्हणालीस?" मी विचारलं. "आमच्या गावची झाडंच जोमदार. मग तू तरी दुसरं काय केलंस?"

ती रस्त्यात थांबली आणि हसायला लागली. तसं हसू मी त्या पानांच्या आठवड्यानंतर पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ती घरी जेवली आणि डबा घासायचा प्रश्न आला नाही.

पण गावाला हे सांगायचं कसं, हा पेच उरलाच. तुमची पानं खोटी, असं म्हटलं असतं तर सभा पेटली असती. ईश्वरीने आलेख काढला होता. मी म्हटलं, आलेख नंतर दाखव, आधी मला दहा मिनिटं दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीच्या अंगणात अख्खं गाव जमलं. मी गळ्यात टेप अडकवून उभी राहिले आणि म्हणाले, पोपटराव, जरा पुढे या, तुमची कंबर मोजायची आहे. अंगण हसलं. मी लेडीज टेलर, पुरुषाला टेप लावत नाही, म्हणून टेप त्यांच्या बायकोच्या, शोभावहिनींच्या हातात दिली. पोपटराव ताठ उभे राहिले. वहिनींनी वाचलं, एक्केचाळीस. मी तो आकडा पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिला. मग त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि सहज विचारलं, की यंदा शर्यतीत तुमच्या बैलाचा पहिला नंबर थोडक्यात हुकला म्हणे. झालं. पोपटराव एरवी मोजकं बोलणारे, पण बैलाचा विषय निघाला की त्यांना आवरणं कठीण. ते उठून उभे राहिले, हातवारे करून शर्यतीच्या घाटातलं वळण दाखवू लागले, बैलाचं शेपूट दाखवू लागले. मी वहिनींना खूण केली. त्यांनी मागून टेप फिरवली आणि अख्ख्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "चव्वेचाळीस."

हसू ओसरायला बराच वेळ लागला. पोपटरावही हसत होते. मग मी म्हणाले, "चेअरमन खोटं बोलले का? नाही. माप घेताना माणूस नीटनेटका उभा राहतो, एवढंच. आपण आपल्या झाडांना तसंच उभं केलं. मी सगळ्यात पुढे होते. माझं झाड अडतीसचं नाही, सव्वीसचं आहे. दुपारपासून माझं पाणी कमी करा."

हिराकाकी काठी टेकत उठल्या. "माझंबी कमी कर गं पोरी," त्या म्हणाल्या. "म्या तर दोन झाडांची मिळून एकाला लावली." मग झेंड्यांचा थोरला भाऊ उठला, पाठोपाठ धाकटा. बघता बघता माझं कमी करा म्हणणाऱ्यांची रांग लागली. या गावात माझ्या आयुष्यात मी, मला पाणी वाढवून द्या, हे लाख वेळा ऐकलं होतं. कमी करा, हे त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. ईश्वरी पडद्यासमोर उभी राहून एकेक नाव घेत होती आणि आकडा कमी करत होती. शेवटी पोपटरावांनी ठराव मांडला, की फेरमोजणी होईपर्यंत सरसकट सगळ्यांचं पाणी एक तृतीयांश कमी करावं, आणि तो एकमताने मंजूर झाला. अहवाल वहीतच राहिला.

फेरमोजणीची रीत आम्ही मायलेकींनी मिळून ठरवली. कोणती फांदी घ्यायची ते यंत्र आकडा टाकून सांगणार, माणसाने निवडायचीच नाही. आणि त्या फांदीवरचं एकेक पान झाडावर असतानाच मोजायचं, कोवळं, किडकं, फाटकं, काहीही सोडायचं नाही. माझ्याकडे शिलाई शिकून गेलेल्या बावीसजणी होत्या. त्या सगळ्या टेप घेऊन बाहेर पडल्या. नऊ दिवसांत चार हजार झाडं झाली. केंद्राचे साहेब बघायला आले, तेव्हा पानाला टेप लावण्याआधी एक बाई पानाशी काहीतरी बोलत होती. ईश्वरीने त्यांना गंभीर चेहऱ्याने सांगितलं, की ही इथली पद्धत आहे.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात फळं उकलायची थांबली. नंतरचा अंजीर असा उतरला, की फोडला तर आत मध भरून ठेवलेला. टँकर एकही मागवावा लागला नाही. वीस मेला शेवटची पाटी भरली तेव्हा हिशेबाप्रमाणे तलाव कोरडा पडायला हवा होता, पण दोन पायऱ्या पाणी शिल्लक होतं. मी ईश्वरीला विचारलं, हिशेब पुन्हा चुकला की काय? ती म्हणाली, नाही, तेवढं पाणी तिने पहिल्या दिवसापासून मोजलंच नव्हतं. "तू शिवणीत दोन बोटं कापड राखून ठेवतेस ना, तसं."

परवा ती एक कापड घेऊन दुकानात आली. गर्द हिरवा खण होता. पुढच्या महिन्यात केंद्रात तिला या सगळ्यावर भाषण करायचं आहे, त्यासाठी ब्लाउज हवा, असं तिने कापडाकडे बघत सांगितलं. मीही फार काही न दाखवता टेप उचलली.

ती आरशासमोर उभी राहिली. टेप लागताच पोट आत, खांदे मागे. मी टेप गुंडाळली आणि पेटीवर ठेवली. म्हटलं, त्या सीताफळाच्या पानाचं काय सांगत होतीस, त्याला दहात किती भाग?

सीताफळाचं निराळंच आहे, ती म्हणाली. ते अंजिरासारखं खाचांचं नाही, लांबट आहे, त्यामुळे दहात जवळजवळ सात भाग पानच भरतं, चिंध्या कमी. पण अडचण अशी, की उन्हाळ्यात ते पान गळतं, मग माप कोणत्या महिन्यातलं धरायचं? तिचे हात हलू लागले. पेरूकडे गेली, तिथून चिंचेकडे वळली. चिंचेच्या पानाला तर टेपच लागत नाही, आई, तिथे तुझं काहीतरी डोकं लढवायला लागेल. श्वास मोकळा झाला होता, खांदे सैल पडले होते. मी छाती घेतली, कंबर घेतली, पाठीमागे जाऊन बाहीची लांबी घेतली. तिला पत्ताही नव्हता.

माप केव्हाच घेऊन झालं होतं. ती चिंचेबद्दल सांगत होती आणि मी तिच्या खांद्याला टेप लावून तशीच उभी राहिले.